घडविणाऱ्यांचीही नोंद हवी

१९३५ साली महामंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना अमेरिकन शासनाने वेतनावर काम दिले. सुतार, लोहार, विणकर यांनी घडविलेल्या पेट्या, गोधड्या, खेळणी, वाऱ्याची दिशा दाखविणारे धातूचे कोंबडे यांची जलरंगांत हुबेहूब चित्रे काढण्याचे ते काम होते. १९४२ पर्यंत सुमारे १८,००० चित्रे सिद्ध झाली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात ती जतन केलेली आहेत.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रानेही कामाचा हक्क मानला, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. पाझर तलाव, बंधारे, रस्ते झाले. ते आवश्यकच होते. परंतु समाजाची स्मृती राखणे हेही श्रमाचेच काम आहे, हे आपल्याला सुचले नाही.

जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीला इतिहासात स्थान मिळाले. पण सुताराची तिफण, चर्मकाराची मोट, बुरुडाची कणगी कोणी रेखाटायची? बेकार कलाशिक्षकांना वेतन देऊन शासनाने हे काम आता हाती घ्यावे. अमेरिकेतील त्या चित्रांतल्या कित्येक वस्तूंचे कर्ते अज्ञातच राहिले. आपल्या चित्राखाली, जेथे कळेल तेथे, घडविणाऱ्याचे नाव असावे. वस्तू जपावी आणि श्रमिकाला विसरावे, ही जुनीच सरंजामी रीत झाली.