ज्यांस स्वतःची भाषा नाहीं

जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीची ओळख आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस करून देण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं ग्रंथ वाचला नाहीं त्यांनींही २००१ ते २००३ या काळांत निघालेले तिचे तीन चित्रपट बहुधा पाहिले आहेत. त्यांतील 'ऑर्क' नामक राक्षसजातीचें भेसूर रूप सर्वांच्या ध्यानांत राहतें, परंतु तिच्या भाषेकडे व नांवांकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. आमच्या मतें त्या जातीचें खरें राक्षसपण तिच्या सुळ्यांत नसून तिच्या बोलण्यांत आहे. आणि तें आपणांस वाटतें तितकें परकें नाहीं.

टोल्किन हे ऑक्सफर्ड येथें प्राचीन इंग्रजीचे अध्यापक होते, व 'ऑर्क' हा शब्दही त्यांनीं त्याच भाषेंतून उचलला. कथेंतील एल्फ लोकांसाठीं त्यांनीं व्याकरणासह डौलदार भाषा रचिल्या. ऑर्कांस मात्र स्वतःची अशी भाषाच दिली नाहीं. परिशिष्टांत ते सांगतात कीं, या जातीनें इतरांच्या भाषांतून हातीं लागेल तें घेतलें व विद्रूप केलें. त्या बोलींत शिव्याशाप भरपूर, इतर व्यवहारास मात्र शब्द अपुरे. टोळीटोळीची बोली इतकी निराळी कीं, परस्परांशीं बोलावयास त्यांस इतर लोकांच्या सामान्य भाषेचाच आश्रय करावा लागे. त्यांचा धनी सौरॉन यानें सर्व सेवकांसाठीं एक 'काळी भाषा' मुद्दाम घडविली, पण तीही नीटशी रुजली नाहीं; 'घाश' म्हणजे अग्नि, असे कांहीं शब्द तेवढे पसरले.

नांवांचीही तीच गत. शाग्रॅट, गोरबॅग, उग्लुक, ग्रिश्नाख हीं नांवें उच्चारतांनाच घसा खरवडतो. बलाढ्य शिपायांस 'उरुक' म्हणत, दुबळ्यांस 'स्नागा', म्हणजे गुलाम. एका प्रसंगीं दोन ऑर्क भांडतात, तेव्हां एकजण दुसऱ्याचें नांव व क्रमांक वर कळविण्याची धमकी देतो. ज्या राज्यांत नांव केवळ चहाडीपुरतें उरतें, तें राज्य कसें असेल याचा विचार करावा.

तथापि हेच शाग्रॅट व गोरबॅग एकांतांत बोलतात तेव्हां त्यांस वाटतें कीं, युद्ध संपल्यावर धन्यांपासून दूर, चार विश्वासू सोबत्यांसह कोठें तरी निघून जावें. नायक फ्रोडो म्हणतो त्याचा आशय असा कीं, अंधकारास नवें कांहीं निर्मितां येत नाहीं. तो असलेलें बिघडवितो मात्र. टोल्किन हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते, आणि ही शिकवण आम्हांस अपरिचित नाहीं.

आतां आपल्या क्रीडांगणावर कान द्यावा. रंगावरून, अंगलटीवरून, बापाच्या धंद्यावरून, कधीं जातीवरूनही सोबत्यास हांक मारिली जाते. कोणी म्हणेल, टोपणनांव हें मैत्रीचें लक्षण आहे. खरें; परंतु ज्यास तें ठेविलें तो त्या हांकेस आनंदानें ओ देतो कीं मान खालीं घालतो, ही त्याची कसोटी. मान खालीं जात असेल, तर तें नांव 'स्नागा'च होय. हजेरीच्या क्रमांकानें मुलांस पुकारण्याची सोय शिक्षकांनींही सोडावी, असें आम्हांस वाटतें.

आदामास एदेन बागेंत प्राण्यांस नांवें देण्याचें काम मिळालें. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नांवानें हांक मारितो. थडग्यांत राहणाऱ्या भूतग्रस्तास, ज्याला सर्व गांवानें टाकिलें होतें, त्यालाही प्रभूनें त्याचें नांव विचारिलें. विद्यार्थीमित्रहो, ज्याचें खरें नांव वर्गांत कोणीच घेत नाहीं असा एखादा सोबती तुमच्या बांकावर असेल, तर उद्यां त्यास त्या नांवानें हांक मारा.