मिक्सिंग करणाराही संगीतकारच

गाण्याच्या श्रेयनामावलीत गीतकार, संगीतकार आणि गायक ही तीन नावं ठळक असतात. गाणं मिक्स करणाऱ्या साउंड इंजिनिअरचं नाव दिलंच तर तळाशी, बारीक अक्षरांत. चाल बांधणारा तो कलावंत आणि बटणं फिरवणारा तो तंत्रज्ञ, अशी विभागणी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. ती किती चुकीची आहे, हे जमैकाच्या डब संगीताने पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध केलं. रेगेच्या पोटातून निघालेला हा खर्जप्रधान प्रकार कोणा गायकाने किंवा वादकाने जन्माला घातलेला नाही. तो मिक्सिंगच्या टेबलावर जन्मला. त्यामुळे हे काम करणाऱ्याला रचनाकाराचा मान आणि मोबदला द्यायला आपण का कचरतो, हा प्रश्न डब ऐकणाऱ्या प्रत्येकाला पडायला हवा.

किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत साठच्या दशकात करमणूक म्हणजे साउंड सिस्टीम. उघड्या मैदानात कपाटाएवढे स्पीकर रचायचे, घरी बांधलेले अँप्लिफायर जोडायचे आणि रात्रभर तबकड्या वाजवायच्या. त्या दशकाच्या अखेरीस रूडी रेडवूड या साउंड सिस्टीमवाल्याच्या हाती पॅरागॉन्स या गायकवृंदाच्या 'ऑन द बीच' या गाण्याची अशी प्रत पडली, जिच्यात गायकांचा ट्रॅक घालायचा राहून गेला होता. त्याने ती तशीच लावली आणि जमलेले लोक स्वतःच गाऊ लागले. निर्मात्यांच्या लक्षात आलं की तबकडीच्या मागच्या बाजूला नवं गाणं भरण्यापेक्षा त्याच गाण्याचा वाद्यांचा भाग छापणं स्वस्त पडतं. सुरुवात झाली ती अशा काटकसरीतून. तिचं कलेत रूपांतर केलं ऑस्बर्न रडॉक ऊर्फ किंग टबीने. मुळात तो विजेची उपकरणं दुरुस्त करणारा कारागीर, होमटाउन हाय-फाय या साउंड सिस्टीमचा मालक. वॉटरहाउस भागातल्या त्याच्या घरगुती स्टुडिओत पूर्ण बँड मावत नसे. वादन दुसरीकडे ध्वनिमुद्रित व्हायचं आणि टेप मिक्सिंगसाठी त्याच्याकडे यायची.

त्या चार ट्रॅकच्या टेपवर ड्रम, बेस, गिटार-कीबोर्डसारखी बाकीची वाद्यं आणि आवाज अशी साधारण वाटणी असे. टबी आवाज कमी-जास्त करणारी पट्टी, म्हणजे फेडर, खाली ओढायचा आणि गिटार, कीबोर्ड, आवाज सगळं एका क्षणात नाहीसं व्हायचं. उरायचे फक्त ड्रम आणि बेस. गायकाचा एखादाच शब्द तो आत सोडायचा, तो टेप एकोमध्ये ढकलायचा आणि त्या शब्दाचे पडसाद विरेपर्यंत पुढचं काही येऊ द्यायचा नाही. एमसीआय कंपनीच्या जुन्या मिक्सिंग टेबलावरच्या फिल्टरची मोठी चकती फिरवून खालचे स्वर गाळले की झांजांचा आवाज पत्र्यासारखा पातळ व्हायचा. चकती उलटी फिरली की बेस छातीवर येऊन आदळायचा. मिक्सिंग चालू टेपवर, हातांनी, त्या घडीला व्हायचं, त्यामुळे एकाच टेपचे दोन मिक्स सहसा सारखे नसत. काय ऐकवायचं, काय गाळायचं, किती वेळ थांबायचं हे ठरवणं म्हणजे रचना करणंच. ऑगस्टस पाब्लोने निर्मिलेलं जेकब मिलरचं 'बेबी आय लव्ह यू सो' हे गोड प्रेमगीत आहे. टबीने त्याचं केलेलं 'किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन' हे रूप आज मूळ गाण्याहून जास्त नावाजलं जातं, आणि तबकडीच्या मागच्या बाजूने पुढच्या बाजूवर मात केल्याचं याहून ठसठशीत उदाहरण शोधावं लागेल.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. डब म्हणजे दुसऱ्याच्या कष्टांवर मारलेला डल्ला, असं काही जण म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. जमैकाला स्वतःचा आधुनिक स्वामित्वहक्क कायदा १९९३ साली मिळाला. तोवर एकेका वादनाचे ढिगाने अवतार निघाले आणि वादकांच्या हाती बहुतेकदा एकरकमी बिदागीच पडली. हा अन्यायच होता. पण तो केला पैशाच्या हिशेबाने. वादकाचा हक्क डावलला गेला म्हणून इंजिनिअरची सर्जनशीलता खोटी ठरत नाही. दोघांनाही वाटा मिळायला हवा, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप आपल्याकडच्या वाचकाच्या मनात लगेच येईल: जड बेस म्हणजे डॉल्बीच्या भिंती, थरथरणाऱ्या खिडक्या आणि कानाला दडे. मिरवणुकीतल्या त्या गोंगाटाचं समर्थन कुणीच करू नये. डब संगीतही साउंड सिस्टीमवर मोठ्यानेच वाजायचं आणि अतिरेकी आवाजाने कान जातात हे तिथेही खरंच आहे. पण गोंगाटात सगळंच एकदम अंगावर येतं, तर डबमध्ये बेस ठसतो तो भोवतीचं बाकी सगळं काढून घेतल्यामुळे. तिथे बेसला स्वतःची चाल असते आणि दोन स्वरांमधली शांतताही मोजून ठेवलेली असते. बेताच्या आवाजात चांगल्या हेडफोनवर ऐकलं तरी ही रचना कळते.

तिसरा आक्षेप असा की आता लॅपटॉपवर कुणीही एको लावू शकतो, मग त्यात कसली कला? पेटी घरोघरी पोहोचली म्हणून प्रत्येक जण गोविंदराव पटवर्धन झाला नाही. लंडनच्या मॅड प्रोफेसरने १९९५ मध्ये मॅसिव्ह अटॅक या बँडचा अख्खा अल्बम 'नो प्रोटेक्शन' या नावाने नव्याने घडवला, तेव्हा एकोची यंत्रं बाजारात मुबलक होती. तो कान मात्र त्याचा होता.

आज रीमिक्स, हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीतावर डबचा ठसा आहे. युनेस्कोने २०१८ मध्ये जमैकाच्या रेगे संगीताला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. आपला कायदा मात्र जुन्याच विभागणीवर उभा आहे. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण दिलं, ते योग्यच झालं. पण मिक्सिंग करणारा त्या चौकटीबाहेरच राहिला. ज्या मुंबईतल्या राजकमल कलामंदिर स्टुडिओत मंगेश देसाईंसारख्या ध्वनिमिश्रकाने हिंदी सिनेमाचा कान घडवला, त्या मुंबईला तरी हे शोभत नाही. कायदा बदलायला वेळ लागेल. श्रेय द्यायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. मराठी गाणी काढणाऱ्या कंपन्यांनी आणि संगीतकारांनी पुढच्या गाण्यापासून मिक्सिंग करणाऱ्याचं नाव गायकाच्या नावाशेजारी, त्याच आकारात छापावं आणि करारात त्याचा रॉयल्टीतला वाटा लिहून द्यावा.