वऱ्हाडी बोलीला शिवीचा मक्ता कोणी दिला?



गेल्या हिवाळ्यात अकोल्यातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनात चौथीतला एक मुलगा धोतर, पटका आणि काजळाच्या मिशा अशा थाटात रंगमंचावर आला आणि एका वेबमालिकेतील गावगुंडाचे भाषण त्याने वऱ्हाडी हेल काढून म्हणून दाखविले. त्या भाषणातील तिसराच शब्द आईवरून दिलेली शिवी होती, आणि ती सभागृहात घुमताच पहिल्या रांगेतील पाहुण्यांपासून दारातल्या चपराशापर्यंत सर्वांनी टाळ्या पिटल्या. कार्यक्रमानंतर मी त्याला शब्दाचा अर्थ विचारला. तो म्हणाला, "मले का मालूम, आबा? पण तो शब्द आला का लोक हासतात."

हे वाचून ज्यांचे कान तापत नाहीत त्यांच्यासाठी हे पत्रक छापलेले नाही. ज्यांचे तापतात त्यांच्याशी मला पडद्यावरील शिव्यांच्या या सुकाळाची कारणे बोलायची आहेत, कारण त्याची जी कैफियत नेहमी दिली जाते ती साफ खोटी आहे. कैफियत अशी की, लोक बोलतात तसेच आम्ही दाखवितो. लोक तर दिवसातून दहादा तुरीचा भाव विचारतात, खाकरतात, हरवलेली किल्ली शोधतात, एकच गोष्ट तीनदा सांगतात. त्यांतले काहीही पटकथेत उतरत नाही आणि वास्तवाच्या भरल्या कोठारातून या मंडळींच्या हाती नेमकी शिवीच लागते, हा योगायोग मानायला मी तयार नाही. खरी गोष्ट अशी की, मनुष्याचा संताप प्रेक्षकाला पटवायचा तर त्याच्या आधी त्याचे कर्ज, त्याचा अपमान, त्याच्या घरातले मौन असे सगळे उभे करावे लागते, त्याला प्रतिभा लागते आणि वेळ लागतो. शिवीला यांतले काहीच लागत नाही. त्यातून चित्रपटांसाठीच्या १९५२ च्या कायद्याची कात्री अनेक दशके डोक्यावर टांगलेली, आणि मोबाइलवरच्या मालिकांना ती एकाएकी लागू नाही असे उमगताच, नवी सायकल मिळालेले पोर रिकाम्या रस्त्यावरही घंटी वाजवीत सुटते, तशी आमच्या लेखकांची गत झाली. २०२१ साली नियम झाले, त्यांत ७, १३ आणि १६ वर्षे अशा पायऱ्या आणि शेवटी केवळ प्रौढांसाठीची पायरी आली. पण कोणता माल कोणत्या पायरीवर ठेवायचा हे प्रथम ठरविणार कोण, तर खुद्द विकणारा! आणि अख्ख्या घरात फोन एकच, तो नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात.

हे सारे एक वेळ सोसता आले असते. असह्य आहे ती पुढची रीत. नायक प्रमाण मराठी बोलणार, नायिका तीच, थोडी इंग्रजी शिंपडून; आणि ज्याच्या तोंडी शिवी घालायची तो ड्रायव्हर, तो गुंड, तो बावळट नोकर मात्र 'काऊन बे' म्हणत अवतरणार. आमची बोली यांना वेषभूषेतल्या पटक्यासारखी भाड्याने हवी असते, काम झाले की परत. ती बोलतो तो शिवराळ आणि शिवराळ तो विनोदी, असा हिशेब कोणत्या दप्तरात नोंदला गेला? तेराव्या शतकात आपल्याच ऋद्धिपुरात, जेथे आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, गोविंदप्रभू उठताबसता भक्तांना मरणाचे शाप देत आणि महानुभावांनी ते कृपेसारखे झेलून लिहून ठेवले. म्हणजे कठोर शब्दाचे आम्हाला वावडे नाही, कधीच नव्हते. शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात बोकड कापणाऱ्याची आणि कर्ज काढून सण करणाऱ्याची प्रश्नामागून प्रश्न विचारून अशी खरडपट्टी काढीत की तो मान खाली घालून घरी जाई, पण पोर मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला त्या पोराचे कान झाकावे लागत नसत. १९६० साली आलेल्या उद्धव शेळके यांच्या 'धग' कादंबरीतली कौतिक वऱ्हाडीतच रागावते, वऱ्हाडीतच खचते, आणि तिच्या संतापाचे वजन शिवीच्या मापाने तोललेले नाही. माझी आजी भांडणात 'कायतोंड्या', 'भैताड', 'तुहा मुर्दा निंगो' असे एकाहून एक सरस शब्द काढी आणि दर वेळी माणूस पाहून नवा काढी. पडद्यावरचा वऱ्हाडी मात्र दोन-तीन शिव्यांवर दहा भाग काढतो. त्याला शिव्याही धड येत नाहीत!

आता हरकती. पहिली, आणि सर्वांत चीड आणणारी, न्यायालयांची साक्ष काढणारी. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली 'बँडिट क्वीन'च्या निकालात सांगितले की, असे शब्द गल्लोगल्ली रोज कानी पडतात आणि चित्रपटात ऐकले म्हणून कोणी प्रौढ ते वापरू लागेल असे नाही. शिरसावंद्य, परंतु चौथीतला मुलगा प्रौढ कधी झाला? २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाला एका वेबमालिकेवरील खटल्यात तिचे भाग दालनात कानाला इयरफोन लावून पाहावे लागले, इतकी तिची भाषा चारचौघांत ऐकवेना. पुढे २०२४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच खटला रद्द करून केवळ शिवराळपणा म्हणजे अश्लीलता नव्हे असा निर्वाळा दिला. तोही मला बेलाशक मान्य आहे. मी फिर्याद घेऊन निघालेलो नाही. शिवी हा गुन्हा नसेलही; पण गुन्हा नाही एवढ्याने लेखन चांगले ठरत असते तर माझे किराणा सामानाच्या यादीचे कागदही वाङ्मय ठरले असते.

दुसरी हरकत, "मग १९७२ च्या 'सखाराम बाइंडर'चे काय?" तेंडुलकरांचा सखाराम शिव्या देतो तेव्हा त्या त्याचे चिलखत असतात आणि नाटक ते चिलखत त्याच्या अंगावरून उतरवून दाखविते. तेवढे ज्याला जमते त्याने खुशाल शिव्या लिहाव्यात. मी तिकीट काढून येईन.

इतरांना निमंत्रण आहे. पोळ्याच्या दिवशी दर्यापूर किंवा बाळापूर तालुक्यातील कोणत्याही गावी तोरणाखाली यावे आणि सावकारापासून सरकारपर्यंत सर्वांची सालटी काढणाऱ्या झडत्या ऐकाव्यात, वही घेऊन. आणि पालकहो, येत्या स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की रोज अर्धा तास तेथे जाऊन बसावे. मी बसणार आहे. शाळेने खुर्ची दिली नाही तर घरून नेईन.