पदपथावरील माणूस आणि सहा आकड्यांचा दाखला

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. पुलाखाली आणि दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणाऱ्यांची शिरगणती एका रात्रीत कितपत पुरी होते, हा प्रश्न वेगळाच. यांतल्या पुष्कळांपाशी आज मोबाईल आहे, आणि तेवढ्यावरून ‘मग गरिबी उरली कुठे?’ असे विचारणाऱ्या सुखवस्तूंचीही वाण नाही.

वस्तुस्थिती अशी की, ज्याला घर नाही त्याचा मोबाईल हाच पत्ता. मुकादमाचा फोन लागला तर काम. न लागला तर त्या जागी दुसरा मजूर उभा. परंतु फोनला वीज लागते आणि वीज भिंतीत असते. तेव्हा टपरीवाल्याची मिनतवारी करावी, नाहीतर पैसे मोजावेत, आणि रात्री तो फोन अंगाखाली दडपून निजावे. रिचार्ज संपला की येणारे फोनही बंद पडतात. ३ आणि ४ जुलै २०२४ या दोन दिवसांत तिन्ही बड्या खासगी कंपन्यांनी दर वाढविले. या स्पर्धेचे कौतुक करावे तेवढे थोडेच!

फोन चोरीला गेला की खरी ससेहोलपट सुरू होते. नव्या सिमकार्डाला ओळखपत्र हवे, आणि ते बहुधा त्याच पिशवीत गेलेले. आधारला दुसरा क्रमांक जोडायचा तर अनेकदा केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. विटा आणि सिमेंट उचलून झिजलेली बोटे यंत्र ओळखेलच असे नाही. ओटीपीचे सहा आकडे आले नाहीत, तर जिवंत माणूस सरकारदरबारी गैरहजर ठरतो. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या नागरिकांना लसीसाठी आधी ऑनलाइन नोंदणीच सक्तीची होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बोट ठेवले, तरीही ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांसाठी निघालेल्या ई-श्रम पोर्टलवर स्वतः नाव नोंदवायचे तर आधारशी जोडलेला मोबाईल लागतोच. ज्यांच्यासाठी यादी, त्यांच्याच वाटेत कुंपण.

शहरात लाख लोकसंख्येमागे एक, बारमाही आणि चोवीस तास उघडा निवारा असावा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिले. ते निवारे आज कुठे आहेत, त्यांत चार्जिंगची सोय किती, कुलूपबंद कपाटे किती, आणि तेथील पत्त्यावर ओळखपत्र मिळवून देणारा अधिकारी कोण, याचा जाब शहर समित्यांनी आपापल्या महापालिकेला पावसाळ्यापूर्वी विचारला पाहिजे.