आगाऊ पैशाचें बोलणें

पैसे आधीं व बोलणें मागून, ही रीत कित्येकांस कमीपणाची वाटते. आमचें मत नेमकें उलट आहे. १८४० सालीं इंग्लंडांत टपालाचें तिकीट निघालें. तत्पूर्वीं पत्राचे दाम बहुधा घेणाऱ्यावर पडत आणि गरीब माणूस पत्र परत धाडी. दाम आधीं घेतल्यानेंच टपाल स्वस्त झालें. १८७९ पासून हिंदुस्थानांत पाव आण्याचें कार्ड मिळूं लागलें. १९७५-७६ च्या सुमारास इटलींत निघालेलें दूरध्वनीचें कार्ड त्याच वंशांतलें.

नांदेड-लातुराकडून पुण्या-मुंबईस गेलेल्या मजुरानें पत्त्याचा पुरावा व अनामत कोठून आणावी? बिलाच्या दूरध्वनीस हीं दोन्ही लागत. एस.टी.डी.च्या बूथांत तो यंत्रावरील वाढत्या आंकड्यांवर डोळे ठेवून बोले. आईचें अर्धें बोलणें त्या धास्तींतच हरवे. खरवडण्याच्या कार्डानें ही धास्ती संपविली: भरलें तितकेंच सरणार. मे २००३ पासून येणारा फोनही निःशुल्क झाला.

हल्लीं मात्र मुदत सरली कीं कांहीं दिवसांत येणारी हांकही बंद पडते, आणि अठ्ठावीस दिवसांच्या महिन्यानें वर्षांत तेरा वेळां पैसे भरावे लागतात. हा हिशेब आम्हांस अन्यायाचा वाटतो. डिसेंबर २०२४ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें केवळ बोलणें व संदेश यांसाठीं निराळीं, ३६५ दिवसांपर्यंतचीं व्हाउचरें ठेवण्यास कंपन्यांस फर्माविलें. गांवाकडील साध्या फोनास तींच पुरेशीं आहेत. दुकानांत तीं नांव घेऊन मागावीं.