निम्मे गुण शूटिंगच्या आधी

मास मीडियाच्या पदवी वर्गांत, पत्रकारितेच्या आणि अॅनिमेशनच्या अभ्यासक्रमांत आता म्युझिक व्हिडिओचा प्रकल्प नेमाने दिला जातो. पाच-सहा जणांचा गट, तीन-चार मिनिटांचं एक गाणं आणि सादर करायची तारीख. त्या दिवशी प्रोजेक्टरवर व्हिडिओ चालतो, शिक्षक तो पाहतात आणि गुण देतात. आधीचे दोन महिने गटाने काय केलं, हे फारसं कोणी विचारत नाही. मूल्यमापनाची ही पद्धत बदलायला हवी. या प्रकल्पाचे निदान निम्मे गुण कॅमेरा हातात घेण्याआधी, नियोजनावर दिले जावेत. असं केलं तर विद्यार्थी अधिक शिकतील, हे एक कारण झालं. पण त्याहून मोठं कारण असं की, आजची पद्धत ज्यांच्या खिशात पैसे नाहीत त्यांच्यावर अन्याय करते.

तयार व्हिडिओ पाहताना डोळ्यांत आधी भरतं ते साहित्य. पार्श्वभूमी धूसर करणारी महागडी लेन्स, गिंबलवर तरंगत जाणारा कॅमेरा, डोंगरावरून घेतलेला ड्रोनचा शॉट. हे सगळं दिवसाच्या भाड्याने मिळतं आणि ते भाडं भरणारे घरचे असतात. मुंबई-पुण्याच्या ज्या मुलाच्या नात्यात कोणीतरी लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय करतं, त्याचा व्हिडिओ पहिल्या दहा सेकंदांतच 'प्रोफेशनल' वाटू लागतो. परभणीहून किंवा सावंतवाडीहून शिकायला आलेली, वसतिगृहात राहणारी मुलगी त्याच गाण्याचा त्याच्याहून खोल विचार करू शकते. पण तिच्याकडे असतो फोन, आणि तोही दोन वर्षं जुना. शिक्षक जाणूनबुजून पक्षपात करत नाहीत. मात्र फक्त पडद्यावरचं पाहायचं ठरलं की भाड्याचं साहित्य आपोआप गुण घेऊन जातं. नियोजनाला भाडं पडत नाही. वही, पेन्सिल, कानाला लावलेलं गाणं आणि वेळ, एवढ्यावर ते होतं, आणि हे चारही दोघांकडे सारखंच असतं.

उत्तम व्हिडिओ साहित्यातून नव्हे, तर आखणीतून उभा राहतो याचा पुरावा शोधायला फार लांब जायला नको. अमेरिकेतल्या 'ओके गो' या बँडने २००६ साली 'हिअर इट गोज अगेन' या गाण्याचा व्हिडिओ केला. जागेवरून न हलणारा एकच कॅमेरा, व्यायामशाळेतली आठ ट्रेडमिल आणि बँडमधले चौघे जण, एवढाच त्याचा पसारा. संपूर्ण गाणं एका टेकमध्ये, मध्ये एकही कट नाही. कोणी कुठल्या तालावर कुठल्या पट्ट्यावर पाय ठेवायचा हे आधी बसवलेलं होतं आणि ते बसेपर्यंत तालीम केलेली होती. पुढच्या वर्षी त्या व्हिडिओला ग्रॅमी मिळालं. त्यातला कॅमेरा आजच्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या फोनहून सरस असायची गरज नव्हती. सगळी किंमत होती ती आखणीची.

आपल्याकडची परंपरा तर याहून कितीतरी जुनी आणि श्रीमंत आहे. 'गाइड' (१९६५) मधलं देव आनंद आणि वहिदा रहमान यांचं, रफींच्या आवाजातलं ते शांत प्रेमगीत विजय आनंद यांनी अवघ्या तीन शॉट्समध्ये चित्रित केलं. चार-साडेचार मिनिटांच्या गाण्यात तीन शॉट्स म्हणजे एकेक शॉट मिनिटाहून लांब. इथे एडिटिंगच्या टेबलावर काही सावरता येत नाही. नायिका कुठल्या शब्दाला वळणार, नायक किती पावलं चालणार, कॅमेरा कधी जवळ जाणार आणि कट नेमका कुठल्या जागी पडणार, हे सगळं गाणं कानात घोळवत आधीच ठरवावं लागतं. 'कागज के फूल' (१९५९) मधल्या गीता दत्त यांच्या गाण्यात छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी स्टुडिओच्या अंधारात प्रकाशाचा जो प्रसिद्ध झोत आणला, तो बाहेरचं ऊन आरशांनी आत वळवून. ऊन फुकट होतं. ते कुठून येतं, कधी येतं आणि किती वेळ टिकतं याचं निरीक्षण ही खरी मेहनत होती. वर्गात ही गाणी दाखवली जातात, त्यांच्या सौंदर्यावर चर्चाही होते; पण ती कागदावर कशी उभी राहिली असतील, हे विद्यार्थ्याला सहसा करून पाहायला लावलं जात नाही.

नियोजन म्हणजे चार पानी 'कन्सेप्ट नोट' असा एक समज आहे, आणि प्रकल्प तिथेच घसरतात. 'हे गाणं आजच्या तरुणाईच्या एकाकीपणावर भाष्य करतं' अशा वाक्याने शूटिंगच्या दिवशी कोणालाही काही कळत नाही. खरं नियोजन सुरू होतं ते गाण्याच्या तक्त्यापासून. मुखडा कितव्या सेकंदाला सुरू होतो, म्युझिक पीस किती लांब, दुसरा अंतरा कुठे संपतो, हे एका रकान्यात. त्यासमोर चित्रात काय दिसणार, कोण गाताना दिसणार, कुठल्या जागी आणि कुठल्या कपड्यांत. हा तक्ता झाला की हिशेब मांडता येतो. गाणं चार मिनिटांचं, म्हणजे २४० सेकंद. दर तीन सेकंदांनी कट धरला तरी ऐंशी तुकडे लागतात. आता समजा गटाने कुठलाही तक्ता न करता दहा वेगवेगळ्या जागी कॅमेरा लावून दर वेळी पूर्ण गाणं तीन-तीनदा घ्यायचं ठरवलं. नुसतं गाणं वाजण्यातच दोन तास जातात. कॅमेरा हलवून पुन्हा लावायला प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं धरली, तर आणखी चार तास. त्यात कपडे बदलणं, जेवण, उशिरा आलेला मित्र आणि रिकामी झालेली बॅटरी मिळवा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि 'लाइट गेला' म्हणत गट पॅकअप करतो, तेव्हा शेवटचा अंतरा राहिलेला असतो. तक्ता असता तर कळलं असतं की गच्चीवरचा कॅमेरा फक्त दुसऱ्या अंतऱ्यापुरता हवा होता. म्हणजे पन्नास सेकंद वाजवलं असतं तरी भागलं असतं.

लिपसिंकचंही तेच. गाताना दिसायचं असेल तर जागेवर गाणं मोठ्याने वाजवावं लागतं आणि कलाकाराला खरोखर गळ्यातून गावं लागतं. नुसते ओठ हलवले तर मानेच्या शिरा खोटं बोलतात. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला टाळी किंवा क्लॅप हवा, नाहीतर एडिटिंगला बसल्यावर कुठला तुकडा कुठल्या ओळीचा हे शोधण्यात रात्र जाते. बरेच फोन उजेड कमी झाला की सेकंदाला किती फ्रेम घ्यायच्या ते आपल्या मर्जीने बदलतात. मग पहिल्या ओळीला जुळलेले ओठ तिसऱ्या ओळीला मागे पडतात. फ्रेमचा दर आधीच एकाच आकड्यावर, समजा २५ वर, पक्का केला तर हे टळतं. आणि गायिका संथ गतीत चालते आहे, पण ओठ मात्र गाण्याबरोबर आहेत, असं हवं असेल तर सेकंदाला ५० फ्रेमने शूट करून गाणं जागेवर दुप्पट वेगाने वाजवायचं. हे एका वाक्यात सांगता येतं. पण आदल्या दिवशी गाण्याची दुप्पट वेगाची फाइल तयार नसेल आणि गायिकेने त्या वेगाची तालीम केलेली नसेल, तर ऐन वेळी काही होत नाही. शूटिंगच्या दिवशीची फजिती बहुतेक वेळा आदल्या आठवड्यात ठरलेली असते.

नियोजनाच्या पहिल्याच पानावर असायला हवा तो प्रश्न सर्वांत जास्त टाळला जातो: हे गाणं कोणाचं? १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात शिक्षणाच्या ओघात शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या पुनर्निर्मितीला सवलत आहे, पण तिची हद्द शिकण्या-शिकवण्यापुरती. तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढला की ती सवलत गृहीत धरता येत नाही. आवाज बंद होणं किंवा व्हिडिओ उतरवला जाणं हे तिथे रोजचंच आहे. विद्यार्थ्याला नोकरीच्या मुलाखतीत दाखवायचं असतं ते हेच काम, आणि तेच दाखवता येत नाही. गायक, गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाची कंपनी यांचे हक्क वेगवेगळे असतात, हे चित्रपटगीत निवडून बसलेल्या गटाला बहुधा माहीतच नसतं. आपल्या कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या शब्दांवरचा हक्क संपतो. तुकोबांचे अभंग तर सर्वांचेच. पण केशवसुत (मृत्यू १९०५), बालकवी (१९१८) आणि गोविंदाग्रज (१९१९) यांच्या कविताही कोणाच्या परवानगीवाचून गाता येतात. नंतरच्या संगीतकाराने दिलेली चाल मात्र त्याची असते, ती उचलता येत नाही. तेव्हा महाविद्यालयातल्याच एखाद्या गाणाऱ्या मुलीकडून नवी चाल लावून घ्यायची, संगीत विभागातल्या तबलजीला बोलवायचं आणि गाणं स्वतः ध्वनिमुद्रित करायचं. मराठी वाङ्मय आणि माध्यम हे दोन विभाग एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. या निमित्ताने ते एकत्र बसतील. मला स्वतःला या शक्यतेचं सर्वाधिक अप्रूप वाटतं.

जागेचा प्रश्नही कागदावरच सुटतो. रायगड किंवा शिवनेरी यांसारखे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेले किल्ले, रेल्वे स्थानकं, वनक्षेत्र, सगळीकडे चित्रीकरणाला परवानगी लागते. २०२१ च्या ड्रोन नियमांत हवाई क्षेत्राचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग आहेत आणि लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीविना ड्रोन उडवता येत नाही. शिवाय धबधब्याच्या कड्यावर, रुळांवर, धावत्या गाडीच्या दारात शॉट घ्यायची कल्पना कागदावर आली, तर शिक्षकाला ती वेळेत खोडता येते. पडद्यावर ती प्रथमच दिसते तेव्हा धोका पत्करून झालेला असतो.

याला पहिला आक्षेप येतो तो कलेच्या नावाने. इतकं आखून घेतलं तर उत्स्फूर्तपणा मरेल, अचानक आलेला पाऊस आणि कोणाचं तरी नकळत हसणं हेच तर चित्रात जीव ओततं, असं म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. पण अचानक आलेल्या पावसाचा उपयोग करायला हातात वेळ लागतो, आणि तो वेळ आखणीने वाचवलेला असतो. ज्या गटाची सक्तीची कामं दुपारी तीनला उरकली आहेत, तोच चारच्या पावसात भिजत खेळू शकतो. म्हणून मूल्यमापनात एक पान शूटिंगनंतरचंही असावं: ठरवलेल्यातलं काय बदललं आणि का. योग्य कारणाने मोडलेल्या आखणीला मी पाळलेल्या आखणीहून अधिक गुण देईन.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो अनुभवी शिक्षकांचा आहे. कागदाला गुण दिले की कागद नकलून येतात. प्रयोगवह्यांचं आपल्याकडे काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. मागच्या वर्षीच्या गटाची फाइल यंदा नवं मुखपृष्ठ लावून येईल. इंग्लंडमध्ये ओसीआर या परीक्षा मंडळाच्या ए-लेव्हल माध्यम अभ्यासाच्या जुन्या अभ्यासक्रमात म्युझिक व्हिडिओसारख्या प्रकल्पाच्या १०० गुणांपैकी २० संशोधन आणि नियोजनाला होते. म्हणजे कल्पना अव्यवहार्य नाही, पण तेवढ्याने नक्कल थांबत नाही हेही खरं. तिच्यावर उपाय नियोजनाच्या स्वरूपातच आहे. फाइलच्या ऐवजी गटाने गाण्यावर स्थिर छायाचित्रं लावून पूर्ण लांबीचा कच्चा व्हिडिओ आणावा. ठरलेल्या जागेवर जाऊन, मित्रांना उभं करून फोनने काढलेले साठ-सत्तर फोटो, प्रत्येक फोटो आपापल्या सेकंदाला. दुसऱ्या गाण्याचा असा व्हिडिओ या गाण्यावर बसत नाही, दुसऱ्या गटाचे चेहरे या गटाला चालत नाहीत. तो वर्गासमोर चालवावा आणि कुठेही थांबवून गटातल्या कोणालाही विचारावं: इथे कट का, ऊन कुठून येईल, हे दृश्य किती वाजता घ्याल? ज्याने काम केलेलं नाही, तो तिसऱ्या प्रश्नाला अडकतो. गटात राबणारे दोघे आणि नुसतं नाव असलेले चौघे, ही जुनी दुखरी गोष्टही इथे उघडी पडते.

शिक्षकांना एवढा वेळ कुठे, हा उरलेला प्रश्न. साठ जणांच्या वर्गात दहा गट होतात. प्रत्येक गटाला कच्च्या व्हिडिओसह अर्धा तास दिला, तर पाच तास, म्हणजे एका आठवड्याच्या तासिका. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांवर हा बोजा फुकट टाकू नये. या पाच तासांचं मानधन महाविद्यालयाने द्यावं. जिथे अंतर्गत मूल्यमापनाचे निकष विभागाच्या हाती आहेत, तिथे विद्यापीठाच्या आदेशाची वाट पाहायचं कारण नाही. जूनमध्ये वर्ग सुरू होताना गुणांचा तक्ता फळ्यावर लिहून द्यावा: गाण्याचे हक्क आणि निवड १०, ओळवार तक्ता १५, फोटोंचा कच्चा व्हिडिओ आणि तोंडी परीक्षा २५, शूटिंगनंतरचं पान १०, आणि तयार व्हिडिओला ४०.