बंडाचा गवगवा आणि कष्टाचे मोल

प्रस्थापितांविरुद्ध आरोळी ठोकणाऱ्या अमेरिकेतील पंक चळवळीचे गोडवे गाणाऱ्यांनी नायक कोणाला केले? गिटार आपटणाऱ्या तरुणांना! त्याच वर्तुळात राहून तुटपुंज्या पैशांत चित्रपट उभे करणाऱ्या स्त्रिया मात्र तळटीपेत गेल्या.

सुझन सायडलमन यांचा ‘स्मिथरीन्स’ सुमारे ४० हजार डॉलरांत तयार झाला आणि १९८२ साली कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला. नाव व्हावे म्हणून स्वतःचीच छायाचित्रे न्यूयॉर्कभर चिकटवीत हिंडणाऱ्या तरुणीची ही कथा. बंडाच्या पोकळ देखाव्यावर इतके नेमके बोट कोणत्या उपदेशकाने ठेवले असते? लिझी बॉर्डन यांनी पाच वर्षे खपून १९८३ मध्ये ‘बॉर्न इन फ्लेम्स’ पडद्यावर आणला. पेनेलोपी स्फीरिस यांच्या लॉस एंजेलिसमधील पंकांवरील १९८१ च्या माहितीपटाला राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत स्थान मिळण्यास मात्र २०१६ साल उजाडावे लागले.

हीच का ती समता? त्या काळाचे जे चित्र आज जगापुढे आहे, ते बव्हंशी अशा कॅमेऱ्यांनीच जपले. रंगवलेल्या केसांना भुलणाऱ्यांनी आणि त्यांकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनीही वेश बाजूस सारून या स्त्रियांचे कष्ट मोजावेत.